दहावीचा निकाल, भाड्याची गाडी आणि चार कोरडे रेनकोट

स्कॉटलंडचं नाव आमच्या घरात पहिल्यांदा निघालं ते नोव्हेंबर २०२४ मध्ये, आणि तेही भांडणातून. लेक दहावीला होती. तिचं म्हणणं, "परीक्षा झाल्यावर मला फक्त झोपायचंय, मी कुठेही येणार नाही." धाकटा तेरा वर्षांचा, त्याला आगगाड्यांचं वेड. नवऱ्याला परदेशात एकदा स्वतः गाडी चालवायची होती. मी समाजशास्त्र शिकले. मुंबई विद्यापीठात १९१९ साली हा विषय सुरू करणारे पॅट्रिक गेडिस ज्या गावात घडले, ते एडिंबरा बघायची माझी जुनी हौस. शेवटी चौघांनी चिठ्ठ्या टाकल्या. "रेल्वे", "ड्रायव्हिंग", "गेडिस" आणि लेकीची "थंड हवा, सकाळी कुणी उठवायचं नाही". या चारही चिठ्ठ्या एका नकाशावर बसवता बसवता स्कॉटलंड आलं.

मुलं मोठी झाली की बाबागाडी नाही, डायपर नाहीत, सहल सोपी, असं मला वाटायचं. तसं नसतं. लहान मुलांना तुम्ही नेता. मोठ्यांना आधी पटवावं लागतं. शिवाय सोळा वर्षं ही तिकडची भलतीच अवघड रेघ आहे. लेक जानेवारीत सोळाची झाली आणि आमच्या हिशेबात एकदम तीन मोठी माणसं आली. रेल्वेत पाच ते पंधरा वर्षांपर्यंतच मूल, एडिंबराच्या किल्ल्यात सात ते पंधरा. अनेक हॉटेलांच्या फॅमिली रूममध्ये दोन मोठे आणि दोन लहान एवढंच बसतं; वय टाकलं की खोली गायब. दोन खोल्या घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून चार खाटांची खासगी खोली देणारी युथ हॉस्टेलं शोधली. नावावर जाऊ नका. खोली स्वच्छ असते, कुणाही वयाच्या माणसांना चालतं आणि मुख्य म्हणजे स्वयंपाकघर असतं. आम्ही जानेवारीतच, फुकट रद्द करता येतील अशी बुकिंगं करून ठेवली. मे महिन्यासाठी जानेवारीसुद्धा उशीरच होता. स्काय बेटावरची आमची पहिली पसंती तेव्हाच भरलेली होती.

आता कागदपत्रं. धाकट्याचा पासपोर्ट संपत आला होता. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो हे आपण विसरतो. दोन्ही पालकांच्या सहीचं संमतीपत्र (अ‍ॅनेक्शर डी), एक हजार रुपये शुल्क आणि पुण्यात मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात एक सकाळ. जानेवारीच्या शेवटी नवा पासपोर्ट घरी आला.

ब्रिटनच्या व्हिझिटर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही. आम्हाला १० मेच्या रात्री निघायचं होतं, म्हणजे १० फेब्रुवारीनंतर. पण २१ फेब्रुवारी ते १७ मार्च दहावीची परीक्षा. त्या काळात लेकीला बोटांचे ठसे द्यायला घेऊन जायची माझी हिंमत नव्हती. फॉर्म मात्र मार्चच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी, ती अभ्यासाला बसलेली असताना, मी शेजारच्या खोलीत भरले. प्रत्येकाचा वेगळा अर्ज, मुलांचेही वेगळे. एका अर्जाला पहिल्यांदा दीड तास लागला, चौथ्याला पस्तीस मिनिटं.

फॉर्ममध्ये तुमच्या आईवडिलांच्या जन्मतारखाही विचारतात. सासऱ्यांना फोन केला तर ते म्हणाले, "खरी सांगू का शाळेतली?" शाळेतली अर्थातच १ जून. पासपोर्टवर जी आहे तीच लिहा, हा साधा नियम. महिन्याचा खर्च किती, सहलीला किती लागणार, पैसे कोण देणार, हे प्रश्न घाबरवतात. पण बँकेच्या स्टेटमेंटशी जुळणारं खरं उत्तर दिलं की झालं. माझ्या खात्यात जानेवारीत एफडी मोडल्याचे तीन लाख एकदम आले होते. असा मोठा आकडा दिसला की पैसे दाखवण्यापुरते आणलेत अशी शंका येऊ शकते, म्हणून एफडी बंद केल्याची पावती आणि चार ओळींचं स्पष्टीकरण जोडलं. बाकी सहा महिन्यांची स्टेटमेंटं, पगारपत्रकं, फॉर्म १६, रिटर्न्स, दोघांची ऑफिसकडून रजेची पत्रं, शाळेचं पत्र आणि एक पानाचा सहलीचा तपशील.

अडलं ते लेकीच्या जन्मदाखल्यावर. तिचा जन्म माझ्या माहेरी, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात. दाखला फक्त मराठीत. इंग्रजी किंवा वेल्श सोडून दुसऱ्या भाषेतल्या कागदाला भाषांतर लागतं, आणि त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि "हे अचूक आहे" असं विधान लागतं. भाषांतराला सहाशे रुपये आणि चार दिवस गेले. ज्यांची मुलं आजोळी जन्मली त्यांनी हा कागद सगळ्यात आधी कपाटातून काढावा.

शुल्क माणशी ११५ पौंड, चौघांचे ४६०; आमच्या दराने बावन्न हजार रुपये. (९ एप्रिल २०२५ पासून तेच १२७ पौंड झालं.) २० मार्चला पुण्यातल्या व्हिसा केंद्रात गेलो. कागद आदल्या रात्री स्वतःच अपलोड केले होते. तिथे पैसे देऊन स्कॅन करून घ्यायची गरज पडली नाही. बरोबर १२० पानांची फाईल होती, ती कुणी उघडूनही पाहिली नाही. फोटो, ठसे, चाळीस मिनिटांत बाहेर. लेक म्हणाली, "एवढ्यासाठी तू महिनाभर झोपली नव्हतीस?"

नंतरची वाट वाईट. साधारण तीन आठवडे सांगतात. "निर्णय झाला आहे" असा मेल आला, पण निर्णय काय ते त्यात नव्हतं. पाकीट हातात पडेपर्यंत पोटात गोळा. ८ एप्रिलला पासपोर्ट आले, चारही व्हिसे मिळाले होते. मुलांच्या व्हिशावर बरोबर येणाऱ्या पालकांच्या पासपोर्टचा उल्लेख असतो. तो नीट तपासा, आणि मधल्या काळात स्वतःचा पासपोर्ट बदलू नका.

विमानाची तिकिटं व्हिशाआधी काढायची नाहीत असं आम्ही ठरवलं होतं. त्या शहाणपणाची किंमत माणशी आठ हजार: जानेवारीत ६१ हजारांना दिसणारं आखातमार्गे मुंबई–एडिंबरा तिकीट ९ एप्रिलला ६९ हजारांना घेतलं. पुन्हा केलं तरी मी असंच करीन, नवरा नाही करणार. यावर आमचं अजून एकमत नाही.

एप्रिलमध्ये प्रत्येकाला आपापल्या चिठ्ठीचे दिवस आखायला दिले, ठरावीक बजेटसह. धाकट्याने दोन संध्याकाळी बसून रेल्वेचं फॅमिली अँड फ्रेंड्स कार्ड शोधून काढलं. ३५ पौंडांचं एक कार्ड, त्यावर मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना साठ टक्के सूट. बरोबर पंधरापर्यंतचं निदान एक मूल हवं. "म्हणजे माझ्यामुळे तुम्हाला सवलत," हे त्याने पुढचा महिनाभर ऐकवलं. ग्लेनफिनन पुलावरून जाणाऱ्या वाफेच्या गाडीत आमच्या तारखांना चार जागा शिल्लक नव्हत्या. त्याचं तोंड उतरलं, पण दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला की त्याच रुळांवरून रोजची साधी गाडी जाते आणि ती कितीतरी स्वस्त आहे. लेकीने मात्र तिच्या कागदावर फक्त "आर्थर्स सीट, संध्याकाळी" एवढंच लिहिलं.

आणि मग ७ मे उजाडला. सीमेवरच्या कारवाईच्या बातम्या, उत्तरेकडचे आणि गुजरातचे काही विमानतळ बंद. मुंबई सुरू होतं, पण तीन तास आधी या, जादा तपासणी होईल, असे निरोप येत होते. मी प्रवास विम्याची पॉलिसी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. युद्धामुळे होणारं नुकसान त्यात वगळलेलं होतं. आई म्हणाली, "नका जाऊ बाई आत्ता." १० मेच्या संध्याकाळी बॅगा दारात उभ्या असताना शस्त्रसंधीची बातमी आली. एक्स्प्रेस वेवरच्या फूड मॉलला चहा घेताना पुन्हा ड्रोनच्या बातम्या. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता चहा प्यायलो. पहाटे चारचं विमान वेळेवर सुटलं.

११ मेला, रविवारी दुपारी, एडिंबरा. चार जणांच्या बॅगांत मिळून चार रेनकोट, आठ स्वेटर, थर्मल, पावसाचे बूट. बाहेर लख्ख ऊन आणि लोक अर्ध्या चड्डीत गवतावर लोळलेले. त्या वर्षीचा वसंत ब्रिटनच्या नोंदींतला सगळ्यात जास्त उन्हाचा ठरला, हे नंतर कळलं. आम्ही ज्या पावसासाठी तीन आठवडे खरेदी केली होती, तो अकरा दिवसांत एकदाही आला नाही. पहिली खरेदी सनस्क्रीनची.

खाण्याचं सामान नेताना एक लक्षात ठेवा: आपल्याकडून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, बर्फी नाही. पोहे, मेतकूट, गोडा मसाला, तूरडाळ, बाकरवडी असं नेलं. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात मेतकूट-भात शिजत असताना एका जर्मन मुलीने वास घेऊन नाव विचारलं, आणि आमच्या लेकीने, जी घरी मेतकुटाला हात लावत नाही, पाच मिनिटं त्याचं कौतुक सांगितलं.

सोमवारी गेडिस. किल्ल्याच्या अलीकडे, रॉयल माइल या जुन्या रस्त्याच्या वरच्या टोकाला आज कॅमेरा ऑब्स्क्युरा हे दृष्टिभ्रमांचं प्रदर्शन आहे, ती इमारत म्हणजे त्यांचा आउटलुक टॉवर. मुलांना आतले भ्रमाचे आरसे आवडले, मला गच्ची. चेंबर्स स्ट्रीटवरचं राष्ट्रीय संग्रहालय फुकट आहे आणि तिथे क्लोन करून जन्मलेली डॉली मेंढी पेंढा भरून ठेवली आहे. धाकटा तिच्यासमोर बराच वेळ उभा होता. मोठ्या मुलांबरोबर माझा एक नियम झाला: दिवसाला एकच तिकिटाचं ठिकाण, बाकी फुकटातलं. पैसे वाचतातच, पण "एवढे पैसे भरलेत, नीट बघा" हे वाक्य तोंडून जात नाही.

मंगळवार, १३ मे. दहावीचा निकाल भारतात दुपारी एकला, म्हणजे तिथे सकाळी साडेआठला. लेक सहालाच उठून बसलेली. तिथे मे महिन्यात पाचलाच उजाडतं, त्यामुळे नक्की कधी जागी झाली कळलं नाही. आठ-तीसला साइट उघडेना. बैठक क्रमांक, आईचं नाव, पुन्हा बैठक क्रमांक, पुन्हा आईचं नाव. माझं नाव तिने त्या सकाळी वीस वेळा तरी टाइप केलं असेल. आठ बावन्नला निकाल दिसला. ८४.६०. तिने नव्वदच्या पुढचं धरलं होतं. तिने फोन पालथा ठेवला आणि बाथरूममध्ये गेली.

मी काय बोलावं ते सुचेना, आणि बरं झालं सुचलं नाही. इकडून आत्या, मावशी, क्लासचे सर, सगळ्यांचे फोन. नवऱ्याने चारही फोन एका पिशवीत घालून खोलीत ठेवले. किल्ल्याची वेळ ठरवून काढलेली तिकिटं होती म्हणून गेलो, नाहीतर गेलो नसतो. ती मागे मागे चालत होती. किल्ल्यावर रविवार, गुड फ्रायडे आणि ख्रिसमस सोडून रोज दुपारी बरोब्बर एकला तोफ उडते, १८६१ पासून. आम्ही जवळच उभे होतो. दणका असा की सगळे दचकले, आणि धाकटा ओरडला, "ताई, तुझा निकाल लागला बघ!" मी त्याला रागवायला वळले तर ती हसत होती. डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होती.

संध्याकाळी तिचं आर्थर्स सीट. २५१ मीटरची जुन्या ज्वालामुखीची टेकडी, शहराच्या मधोमध. सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सातला निघालं तरी चालतं. वर ती माझ्यापासून लांब, एका कातळावर एकटी बसली. अर्ध्या तासाने येऊन म्हणाली, "कॉमर्स घेतलं तर चालेल का?" हे तिच्या मनात वर्षभर होतं म्हणे. पुण्यात माझ्यापर्यंत आलं नव्हतं.

१४ तारखेला गाडी घ्यायला गेलो आणि फजिती. आपलं लायसन्स पाहुण्यांना तिथे बारा महिने चालतं, तेही इंग्रजीत आहे. आंतरराष्ट्रीय परवानासुद्धा हजार रुपये भरून आरटीओतून काढला होता. पण अनामतीसाठी गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, आणि आम्ही सगळं माझ्या कार्डावर केलं होतं. नवऱ्याच्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद. अ‍ॅप, ओटीपी, भारतातल्या सिमचं रोमिंग, या खटपटीत एक तास दहा मिनिटं गेली. चूक आमचीच, अटी पानभर आधी पाठवलेल्या होत्या. गाडी ऑटोमॅटिक घ्या, महाग पडली तरी. रस्त्याची बाजू आपलीच आहे, पण गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हे पाळताना आपली सवय आडवी येते. आणि पाट्या मैलांत असतात. बारा वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर उंची, यांपैकी जे आधी होईल तोवर मुलांना वेगळी सीट लागते. आमचे दोघंही त्यापुढचे.

ग्लेन्को मार्गे ग्लेन नेव्हिसला पोचलो. १५ तारखेला बेन नेव्हिस. ब्रिटनमधलं सर्वोच्च शिखर, १३४५ मीटर. नवरा म्हणाला, "सिंहगड १३१२ आहे, काय मोठंसं." पण पुणं मुळात साडेपाचशे मीटरवर आहे आणि इथे चढ जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होतो. जाऊन-येऊन सात ते नऊ तास. लेकीच्या "उठवायचं नाही" या चिठ्ठीमुळे आम्ही साडेअकराला निघालो. अर्ध्या वाटेवरच्या तळ्याशी पोचलो तेव्हा माझा गुडघा बोलायला लागला आणि घड्याळही. परतलो. लेक खाली येईपर्यंत कुणाशी बोलली नाही. पुढच्या दिवशीचा गजर मात्र तिने स्वतः लावला.

१६ तारीख धाकट्याची. फोर्ट विल्यम ते मॅलेग, साधी गाडी, सुमारे सव्वा तास. जाताना डाव्या बाजूला बसा. एकवीस कमानींचा ग्लेनफिनन पूल वळणावर आहे, त्यामुळे आपलीच गाडी पुढे वळताना दिसते. पूल १८९७-९८ मध्ये, दगडाचा नव्हे तर काँक्रीटचा बांधला, ही माहिती त्याने आम्हाला जाताना एकदा आणि येताना एकदा दिली. त्याच्या गप्पांत बाकीच्यांनी मॅलेगला मासे-चिप्स खाल्ल्या, ऊन खाल्लं.

मग स्काय, तीन रात्री. दोन्ही बाजूंची वाहतूक, पण एकच गाडी मावेल एवढे रस्ते; मधे मधे बाजूला व्हायला पासिंग प्लेस. ती जागा डावीकडे असेल तर आत शिरून थांबायचं, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर रस्त्यावरच थांबायचं आणि समोरच्याला त्यात येऊ द्यायचं. तिथे गाडी लावून फोटो काढायचे नाहीत. आमच्याकडे धाकटा "गाडी आली!" ओरडायचा आणि लेक ऑफलाइन नकाशा बघून "पुढची जागा डावीकडे" सांगायची. नवऱ्याच्या मते सगळ्या सहलीत दोघांनी भांडण न करता केलेलं हे एकच काम. पाट्यांवर वर गेलिक, खाली इंग्रजी. पोर्ट्रीला पोर्ट री लिहिलेलं बघून लेक म्हणाली, "आपल्यासारखंच, वाचतात खालचंच."

ओल्ड मॅन ऑफ स्टॉर या सुळक्याच्या खाली उभं राहिल्यावर मला उगीचच हरिश्चंद्रगडाची आठवण झाली. उगीच नव्हे, तोही लाव्ह्याचाच थर, तोच काळा बेसाल्ट; आपल्या दख्खनपेक्षा काही दशलक्ष वर्षांनी लहान. पार्किंग सकाळी नऊच्या आत गाठा. दहाला आम्ही खाली आलो तेव्हा गाड्या रस्त्यावर थांबलेल्या होत्या.

२० तारखेला इन्व्हर्नेसला गाडी परत, दुसऱ्या दिवशी रेल्वेने एडिंबरा, २२ ला विमान. हिशेब विचाराल तर: विमान २,७६,०००, व्हिसा आणि त्याचे किरकोळ खर्च ५५,०००, अकरा रात्रींचा मुक्काम १,४३,०००, गाडी आणि पेट्रोल ५५,०००, रेल्वे व बस २८,०००, खाणं आणि प्रवेश तिकिटं ६०,०००, विमा ५,०००. सव्वासहा लाखांच्या आसपास. टूर कंपनीचं पॅकेज घेतलं असतं तर तेव्हाच्या नियमाने वर पाच टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा प्राप्तिकर, आधी भरावा लागला असता. रिटर्नमध्ये जमा होतो, पण पैसे अडकतात. आता जाणाऱ्यांनी एक भर धरावी: २४ जुलै २०२६ पासून एडिंबरात मुक्कामाच्या भाड्यावर पाच टक्के कर आहे, सलग पहिल्या पाच रात्रींपुरता.

घरी आल्यावर तीन दिवसांनी, २६ मेला, मान्सून नेहमीपेक्षा बराच लवकर पुण्यात पोचला. लेकीला अकरावीच्या अर्जासाठी कागदांच्या झेरॉक्स काढायच्या होत्या. बॅगा अजून हॉलमध्येच पडलेल्या. तिने वरच्या बॅगेतून रेनकोट काढला, त्याचं किमतीचं लेबल दातांनी तोडलं आणि गेली.